वरण वाढा, ओहायो नंतर बघू

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला दुसरी टर्म मिळणार की नाही, हा वाद सगळ्यात तापतो तो वॉशिंग्टनमध्ये नव्हे. तो तापतो न्यू जर्सीतल्या मराठी घराच्या बेसमेंटमध्ये, बटाटेवड्यांच्या दुसऱ्या ट्रेवरची फॉइल निघाली की. पहिल्या ट्रेपर्यंत घरांच्या किमती आणि मुलांचे एसएटीचे मार्क चालतात. दुसऱ्या ट्रेला कुणीतरी म्हणतं, "पण काही म्हणा, चार वर्षांत या माणसाने केलं काय?" आणि मग जिलेबी येईपर्यंत सुटका नाही.

या वादाचा एक नियम मी सांगून ठेवतो. आवाजाची पट्टी आणि मतदानाचा हक्क यांचं प्रमाण व्यस्त असतं. सगळ्यात मोठ्याने बोलतो तो एच-वन-बीवाला. त्याला मत नाही. त्याच्या खालोखाल ग्रीन कार्डवाला. त्यालाही मत नाही. ज्यांनी नागरिकत्वाची शपथ घेतली आहे ती मंडळी कोपऱ्यात शांतपणे कोशिंबीर खातात, कारण त्यांना ठाऊक असतं की हे राज्य 1992 पासून दर खेपेला डेमोक्रॅटिक पक्षाच्याच पदरात पडतंय. आपण मत दिलं काय आणि त्या दिवशी लॉन कापलं काय, राज्याची 14 इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या या मतांच्या बेरजेवर) जायची तिकडेच जाणार.

वादाला माणसं दोनच लागतात. एक ओबामाकाका, एक रॉम्नीकाका. (नावं दर चार वर्षांनी बदलतात, काका तेच.) दोघे आलेले असतात एकाच गाडीतून आणि जाणारही एकाच गाडीतून, त्यामुळे भांडण कितीही पेटलं तरी कुणी उठून जाऊ शकत नाही.

नमुन्यादाखल 2012 ची निवडणूक घेऊ (डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ओबामा विरुद्ध रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी), कारण त्या वर्षी पंचांगही वादात उतरलं होतं. 18 ऑगस्ट ते 16 सप्टेंबर अधिक भाद्रपद. ज्या महिन्यात आपल्याकडे साखरपुडासुद्धा पुढे ढकलतात, त्या महिन्यात दोन्ही पक्षांनी आपापली अधिवेशनं उरकली. रिपब्लिकनांच्या टॅम्पातल्या अधिवेशनाचा पहिला दिवस वादळाच्या धास्तीने वाया गेला आणि शेवटच्या रात्री हॉलिवूडचा नट क्लिंट ईस्टवूड एका रिकाम्या खुर्चीशी बोलत उभा राहिला. याची कारणं चॅनेलवाले आठवडाभर शोधत होते. भारतातून बाळंतपणाला आलेल्या आज्यांना ती आधीपासून माहीत होती.

पुढेही तेच. डेन्व्हरची पहिली जाहीर चर्चा 3 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन पितृपक्षात. ओबामा असे काही मलूल दिसले की ओबामाकाकांनी त्या रात्री जेवण अर्धं टाकलं असणार. दुसरी चर्चा 16 तारखेला, घटस्थापनेची. तिथे गडी सावरला. तिसरी 22 ला. रॉम्नी म्हणाले, आपलं आरमार 1917 नंतर इतकं लहान कधीच नव्हतं. ओबामांनी उत्तर दिलं, आपल्याकडे घोडे आणि संगिनीही कमी झाल्यात. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रांची पूजा करायची, तर शिल्लक किती आहेत याची मोजदाद आदल्या रात्री व्हायलाच हवी.

आता मुख्य दारूगोळा, म्हणजे बेकारीचा आकडा. तो दर महिन्याला, बहुधा पहिल्या शुक्रवारी, सकाळी साडेआठला जाहीर होतो, आणि शनिवारच्या पॉटलकला काका तो ताजा ताजा घेऊन येतात. 5 ऑक्टोबर 2012 ला तो निघाला 7.8 टक्के. आदल्या महिन्यात 8.1 होता. ओबामाकाका म्हणणार, "ऑक्टोबर 2009 मध्ये 10 होता, तिथून 7.8 वर आणला." रॉम्नीकाका म्हणणार, "जानेवारी 2009 मध्ये, शपथ घेतली तेव्हा किती होता? 7.8! म्हणजे चार वर्षं फिरून भोपळे चौकात." दोघांचाही आकडा खरा. एक जण डोंगर उतरताना मोजतोय, दुसरा चढ-उतार धरून.

त्यात जनरल इलेक्ट्रिकचे माजी प्रमुख जॅक वेल्श यांनी ट्विट करून टाकलं की शिकागोवाले (म्हणजे ओबामांची मंडळी) चर्चेत हरले म्हणून आकडेच बदलताहेत. झालं. तेव्हापासून हा आकडा शिजतो कसा, हे सांगितल्याशिवाय वरण वाढता येईना.

तर तो शिजतो असा. सुमारे 60 हजार कुटुंबांना विचारतात की महिन्याची 12 तारीख ज्या आठवड्यात येते, त्या आठवड्यात घरातलं कोण कामावर होतं. काम नव्हतं, पण गेल्या चार आठवड्यांत शोधलं, तर तो बेकार. कंटाळून शोधणंच सोडलं, तर तो बेकारही नाही. तो हिशेबातूनच गेला. त्यामुळे लोक हताश झाले तरी आकडा खाली येतो, आणि आशेने पुन्हा अर्ज करू लागले की वर चढतो. शिवाय अर्धवेळ राबणारे, ज्यांना पूर्णवेळ काम हवंय, त्यांना धरून वेगळा आकडा निघतो, यू-सिक्स नावाचा. तो त्याच महिन्यात 14.7 होता. रॉम्नीकाकांच्या वरच्या खिशात तो कायम असतो.

आणि कंपन्यांना वेगळं विचारतात. त्या चाचणीत सप्टेंबरमध्ये नवे रोजगार निघाले 1 लाख 14 हजार. कुटुंबांच्या चाचणीत कामावर असलेली माणसं वाढली 8 लाख 73 हजार. एकाच महिन्याची ही दोन उत्तरं! यात कारस्थान काही नाही. कुटुंबांचा नमुना लहान, म्हणून तो उड्या मारतो. कंपन्यांचा मोठा, म्हणून जरा स्थिर. कंपन्यांचा आकडा तर पुढच्या दोन महिन्यांत दोनदा सुधारून घेतात. काका एकदाही सुधारत नाहीत.

कर्जाचा विषय त्यामानाने लवकर संपतो, पण वेगळ्या कारणाने. सप्टेंबरच्या सुरुवातीला, डेमोक्रॅटांचं अधिवेशन चालू असतानाच, देशाचं कर्ज 16 ट्रिलियन डॉलरच्या पुढे गेल्याची बातमी आली. रॉम्नीकाका "16 ट्रिलियन!" म्हणतात आणि सगळं बेसमेंट गप्प होतं. हा धक्का नसतो, शून्यं मोजणं चाललेलं असतं. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी, हे जमेपर्यंत ओबामाकाका तुटीवर सरकलेले असतात. तूट म्हणजे यंदाची उधारी आणि कर्ज म्हणजे वाण्याची अख्खी वही, पण वादात दोन्ही शब्द एकमेकांचे कपडे घालून फिरतात. "तूट कमी झाली" आणि "कर्ज वाढलं" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे सांगायला जाणाऱ्याला दोन्ही काका मिळून झोडतात.

गॅस, म्हणजे गाडीत भरायचा, हा आणखी एक. 2009 च्या जानेवारीत गॅलनला दोन डॉलरच्या आत होता, 2012 च्या शरदात चारला टेकत आलेला. न्यू जर्सीत स्वतः गॅस भरायला कायद्याने बंदी आहे, माणूस येऊन भरून देतो. त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या दराची पाटी वाचण्यापलीकडे काही काम नसतं, आणि राग साचत जातो. मुळात तो दर सगळ्यात जास्त हलतो कच्च्या तेलाच्या जागतिक भावावर. 2009 च्या सुरुवातीला तो पडला होता कारण जगाची चाकंच थांबली होती. म्हणजे स्वस्त गॅस हे कर्तृत्वाचं नव्हे, मंदीचं लक्षण. हे ओबामाकाकांना अगदी पटतं. उद्या त्यांच्याच पक्षाच्या काळात गॅस स्वस्त झाला की पटेनासं होतं.

आरोग्यविम्याच्या कायद्यावर मात्र मोठी गंमत होते. 2010 च्या या कायद्याने मुलांना 26 व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येतं. रॉम्नीकाका कायद्याला शिव्या घालत असताना काकू हळूच विचारतात, "आपली सई कुणाच्या विम्यावर आहे हो?" मग काका पाणी पितात. ओबामाकाका हसू लागतात, तेवढ्यात कुणीतरी आठवण देतं की अशाच बेताचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये 2006 साली गव्हर्नर रॉम्नींच्याच सहीने झाला होता. आता रॉम्नींची कल्पना ओबामांनी उचलली म्हणावं, तर ती चांगली की वाईट? दोघेही पाणी पितात.

मग फोन निघतात आणि मतचाचण्या सुरू होतात. ऑक्टोबरच्या मध्यावर गॅलप या मतचाचणी संस्थेने रॉम्नींना 7 टक्क्यांची आघाडी दिली होती. बाकीच्या बऱ्याच चाचण्या अटीतटीची लढत सांगत होत्या. शितावरून भाताची परीक्षा हा मतचाचणीचा पाया, पण आपल्या आयांनी त्यातली जी अट घातली ती पुष्कळदा विसरली जाते: शीत काढायच्या आधी भात खालीवर करायचा. 1936 मध्ये लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांच्या वर उत्तरं आली आणि त्यांनी रूझवेल्टला पाडलं. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, मंदीच्या काळात. सगळी शितं वरच्या थरातली. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं जिंकले.

नीट ढवळून हजारेक माणसं घेतली, तर प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीत तीन इकडे-तिकडे होऊ शकतात. दोघांमधल्या फरकात मग जवळपास सहा. म्हणजे "रॉम्नी दोनने पुढे" या वाक्याचा अर्थ "काही सांगता येत नाही" असा असतो. पण "काही सांगता येत नाही" असं म्हणायला कोणी चाळीस मैल गाडी हाकून येत नाही.

मतचाचणी जुळली नाही की नियम काढतात. त्या वर्षीचा लाडका नियम होता: बेकारी 7.2 च्या वर असताना रूझवेल्टनंतर एकही राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आलेला नाही. ऐकायला भारदस्त. मोजून बघा: महायुद्धानंतर पुन्हा उभे राहिलेले राष्ट्राध्यक्ष तोवर अवघे दहा. दहा पत्रिकांवरून तर आमचे गुरुजीही मंगळाचा नियम बांधणार नाहीत. दुसरा नियम वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचा: निवडणुकीआधीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना संघ जिंकला की सत्ताधारी पक्ष टिकतो. हा 2004 पर्यंत चुकला नव्हता. 4 नोव्हेंबर 2012 ला संघ हरला. रॉम्नीकाकांनी पेढ्यांची चौकशी सुरू केली. वहिनी मंडळींचा भरवसा मात्र दोघांच्या बायकांच्या कुकी-स्पर्धेवर होता. तिथे मिशेल ओबामांची कुकी ॲन रॉम्नींच्या कुकीला हरवून बसली होती.

या सगळ्यात "तुला काय वाटतं रे?" हा प्रश्न तुमच्यावर येणारच. त्यावर एकच उत्तर द्या: "ओहायो." बाकी काही बोलू नका. ओहायोवाचून एकही रिपब्लिकन कधी राष्ट्राध्यक्ष झालेला नाही, त्यामुळे रॉम्नीकाका गंभीर होतात. तिथल्या मोटारीच्या कारखान्यांना सरकारने वाचवलं, त्यामुळे ओबामाकाका खूश होतात. मग दोघे जिंकायला लागणाऱ्या 270 इलेक्टोरल मतांची बेरीज मांडायला लागतात आणि तुम्हाला भाताकडे जाता येतं. बेरीज 269-269 वर अडकली तर मात्र परत येऊ नका. तसं झालं तर राष्ट्राध्यक्ष प्रतिनिधीगृह निवडतं, दर राज्याला एक मत. उपराष्ट्राध्यक्ष सिनेट निवडते. म्हणजे रॉम्नी वर आणि बायडन खाली, असाही संसार होऊ शकला असता. या शक्यतेवर रात्रीचे साडेअकरा वाजतात.

त्या वर्षी वाद एकदाच थांबला. 29 ऑक्टोबरला कोजागरी होती, आणि त्याच संध्याकाळी सँडी वादळ अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्यावर आदळलं. पौर्णिमेची भरती, त्यावर वादळाची लाट. वीज गेली. ज्यांच्या घरी गॅसची शेगडी होती त्यांनी काडी ओढून दूध आटवलं. इलेक्ट्रिकवाल्यांची कोजागरी थंड दुधावर झाली. 31 ला रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी ओबामांच्या बरोबरीने उद्ध्वस्त किनारा बघत फिरले आणि वर त्यांचं तोंडभरून कौतुकही केलं. रॉम्नीकाकांना हे वादळापेक्षा जास्त लागलं. 3 नोव्हेंबरपासून 12 काउंट्यांमध्ये गॅसला सम-विषम लागू झालं: नंबर प्लेटचा शेवटचा आकडा सम तर सम तारखेला. तेव्हा दोन्ही काका एका गाडीतून का येतात ते नव्याने कळलं. ज्याचा दिवस त्याची गाडी.

6 तारखेला रात्री सव्वाअकराच्या सुमाराला ओहायो ओबामांकडे गेलं. फॉक्स चॅनेलवर रिपब्लिकनांचे रणनीतीकार कार्ल रोव्ह ते मानायला तयार नव्हते, तेव्हा निवेदिका मेगन केली कॅमेऱ्यासकट आकडेवाल्यांच्या खोलीपर्यंत चालत गेली आणि "नक्की ना?" विचारून आली. तो दृश्यबंध कुठल्याही मंडळाच्या वार्षिक सभेत शोभला असता. फ्लोरिडाचं मोजणं शनिवारपर्यंत चाललं. शेवटी 332 विरुद्ध 206, बेकारी 7.9 असताना.

पुढच्या मंगळवारी लक्ष्मीपूजन. फराळाला दोन्ही काका हजर, एकाच गाडीतून. रॉम्नीकाकांनी चकली मोडली, अर्धी ओबामाकाकांच्या ताटलीत ठेवली आणि म्हणाले, "बरं, आता 2016 ला कोण?"

चिवड्याचा डबा उचला आणि वरच्या मजल्यावर जा. जाताना "ओहायो" म्हणायला विसरू नका.