होसे मोलिना म्हणे आडनावावर पंधरा सीझन खेळला

बेसबॉल फॉलो करणाऱ्या आपल्या लोकांत एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. थोडक्यात सांगतो, म्हणजे ज्यांनी वाचला नाही त्यांनाही कळेल. मोलिना भावांपैकी याडिएर ग्रेट, बेंजी चांगला, आणि मधला होसे हा नुसता आडनावावर तरला. पंधरा सीझन, सरासरी .233, सगळे मिळून 39 होम रन (आपल्या सिक्सरसारखे), एकही गोल्ड ग्लव्ह, म्हणजे फिल्डिंगचं अवॉर्ड, नाही. हा कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखा बॅटरच्या मागे बसणारा; काम काय, तर चेंडू पकडायचा आणि ग्लव्ह हळूच सरकवून अंपायरला गंडवायचं. आता चेंडूचा निर्णय द्यायला मशीन आलंय, त्यामुळे असले प्लेअर संपले. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

आकडे बरोबर आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पण आकड्यांवरून जे काढलंय ते सगळं तिरकं आहे.

आधी आडनावाचं बघू, कारण हे दोन मिनिटांत निकालात निघतं. होसे 1999 ला शिकागो कब्जकडून मेजर लीगमध्ये आला. याडिएर आला 2004 ला. म्हणजे ज्याच्या नावावर हा तरला असं म्हणताय तो तेव्हा पोर्तो रिकोत शाळेत होता. होसे आणि बेंजीने 2002 मध्ये अनाहाइम एंजल्सकडून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल, जिंकली, तेव्हाही धाकट्या मोलिनाला मेजर लीगमध्ये कुत्रं ओळखत नव्हतं. आता कोणी म्हणेल की एंजल्समध्ये बेंजी आधीपासून होता, त्याने शब्द टाकला असेल. असेल बाबा, मान्य. पण मग 2007 च्या जुलैत न्यूयॉर्क यांकीजने त्याला ट्रेड करून घेतला, नंतर टोरोंटोने घेतला, नंतर टँपा बे रेजने घेतला, या तिन्ही ठिकाणी त्याचा कुठला भाऊ बसला होता? आणि यांकीजसारखी टीम, जिथे हॉर्हे पोसाडा नावाचा तगडा बॅटिंग करणारा कॅचर ऑलरेडी आहे, ती कोणाच्या भावाची सोय लावायला दुसरा कॅचर आणते होय?

आता .233. म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला आला तर तेवीस हिट. कमीच आहे, आणि धावायला तर इतका स्लो की इनफिल्डर निवांत थ्रो करायचे. बॅटिंगच्या बाजूने मी त्याची वकिली करणारच नाहीये. फक्त एक गंमत सांगतो. जुन्या यांकी स्टेडियममधला पहिला होम रन 1923 ला बेब रूथने मारला, आणि शेवटचा, 21 सप्टेंबर 2008 ला, ओरिओल्स टीमविरुद्ध, या आपल्या होसेने. त्या अख्ख्या सीझनमध्ये त्याचे होम रन एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. याने काही सिद्ध होत नाही, मला माहितीये, पण आवडतं मला.

मुद्दा असा की कॅचरला .233 वर मोजणं हीच पहिली चूक. आपल्या डोक्यात विकेटकीपर असतो म्हणून गडबड होते. कीपरकडे चेंडू येतो तो बॅट्समनने सोडला किंवा चुकला तर. कॅचरचं तसं नाही, प्रत्येक पिच, म्हणजे पिचरने (बेसबॉलमधल्या बोलरने) टाकलेला चेंडू, त्याच्यासाठीच असतो. कुठला पिच टाकायचा याची खूण तो देतो, ग्लव्ह कुठे धरायचा ते तो ठरवतो, आणि बॅटरने बॅट फिरवली नाही तर तो स्ट्राइक (स्ट्राइक झोन या ठरलेल्या चौकटीतून गेलेला, असे तीन झाले की बॅटर आउट) की बॉल (झोनबाहेरचा, असे चार झाले की बॅटरला पहिला बेस फुकट) हे अंपायर ठरवतो ते कॅचरच्या खांद्यावरून बघत. एका सामन्यात असे दीडशेच्या आसपास पिच. बॅटिंगला हाच माणूस येणार तीन नाहीतर चार वेळा. कुठल्या कामावर पगार असेल सांगा.

आणि हे "नुसतं पकडणं" म्हणजे काय ते एका सामन्यात बघा. 29 ऑक्टोबर 2009, वर्ल्ड सिरीजची दुसरी गेम. पहिली गेम यांकीज घरच्या मैदानावर फिलाडेल्फिया फिलीजच्या क्लिफ ली या पिचरकडून 6-1 अशी हरलेत, आज हरले तर 0-2 ने फिलाडेल्फियाला जायचं. पिचर ए. जे. बर्नेट, ज्याचा चेंडू त्याचा त्याला कळत नाही कुठे जाणार. मॅनेजर जो जिरार्डी, जो स्वतः जुना कॅचर, पोसाडाला बाहेर बसवतो आणि होसेला खेळवतो. न्यूयॉर्कमध्ये बोंबाबोंब झाली होती यावर, वर्ल्ड सिरीजमध्ये आपली एक चांगली बॅट बेंचवर बसवतात का म्हणून. फिलीज 1-0 ने पुढे असताना त्यांचा जेसन वर्थ हिट मारून पहिल्या बेसवर पोचला, आणि पिच गेल्यावर बेसपासून दोन पावलं जास्तच लांब रेंगाळला. होसेने चेंडू घेतला आणि सरळ पहिल्या बेसला फेकला, वर्थ परत पोचायच्या आत तिथे उभ्या टेशेराच्या ग्लव्हमध्ये. आउट. चेंडू पकडून तो हातातून सुटेपर्यंत डोळ्याचं पातं लवलं असेल नसेल. बर्नेटने सात इनिंगमध्ये 9 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) काढून एकच रन दिला. आणि सातव्या इनिंगमध्ये जेव्हा रनची गरज होती तेव्हा जिरार्डीने होसेला काढून पोसाडाला बॅटिंगला पाठवलं, त्याने सिंगल मारून तिसरा रन आणला, यांकीज 3-1 ने जिंकले. म्हणजे ज्याचं जे काम त्याच्याकडून ते करून घेतलं, यात वशिला कुठे दिसतो?

(पाचव्या गेमला हीच जोडी होती आणि बर्नेटला तिसऱ्या इनिंगमध्ये एक आउटसुद्धा काढता आला नाही, बेदम मार खाल्ला. कॅचर जादूगार नसतो. पण सिरीज यांकीजनेच जिंकली आणि होसेला दुसरी रिंग, म्हणजे विजेत्यांना मिळणारी अंगठी, मिळाली.)

"अंपायरला गंडवायचं" हा त्या मजकुरातला सगळ्यात लाडका भाग दिसतोय, आणि इथेच सगळ्यात जास्त अज्ञान आहे. याला फ्रेमिंग म्हणतात. काठावरचा पिच, म्हणजे स्ट्राइक झोनच्या रेषेला घासून जाणारा, तो कसा पकडला यावर कॉल फिरतो. कच्चा कॅचर काय करतो, खाली येणाऱ्या चेंडूवर वरून झडप घालतो, चेंडूचा वेग त्याचा हात आणखी खाली ओढतो, आणि झोनमधून गेलेला पिचसुद्धा अंपायरला खाली गेल्यासारखा दिसतो. चांगला कॅचर ग्लव्ह आधीच खाली नेऊन ठेवतो आणि चेंडूला खालून भेटतो, मनगट घट्ट, डोकं हलत नाही, खांदा हलत नाही, चेंडू जिथे घेतला तिथेच धरून ठेवतो. होसेचं वैशिष्ट्य हेच होतं, तो काही करतोय असं दिसायचंच नाही. ग्लव्ह फुटभर ओढून आणणारे वेगळे, ते अंपायरला लगेच कळतं आणि तो उलट चिडतो. शिवाय फ्रेमिंगमधला एक मोठा भाग म्हणजे जे खरोखरचे स्ट्राइक आहेत ते हातचे न घालवणं. यात कसली आलीये फसवणूक? नियमात कुठेही याला बंदी नाही, आणि शंभर वर्षं प्रत्येक कोच पोरांना हेच शिकवत आलाय.

फक्त ते मोजता येत नव्हतं. 2007-08 च्या सुमारास सगळ्या स्टेडियममध्ये प्रत्येक पिचचा मार्ग टिपणारे कॅमेरे आले, आणि 2011 ला माइक फास्टने बेसबॉल प्रॉस्पेक्टस या आकडेवारीच्या वेबसाइटवर तो डेटा कॅचरप्रमाणे लावून दाखवला. सगळ्यात वर कोण? होसे मोलिना. दर 120 सामन्यांमागे 35 रन वाचवतो असा हिशोब निघाला. लोकांनी तेव्हाही वेड्यात काढलं होतं, कारण ढोबळ मानाने 10 रन म्हणजे एक विजय धरतात, म्हणजे हा बॅटिंग न येणारा जाडजूड माणूस नुसता बसल्या बसल्या टीमला साडेतीन सामने जिंकून देतोय? पण गणित उलटं करून बघा. एका बॉलचा स्ट्राइक झाला तर सरासरी 0.13 रनच्या आसपास फरक पडतो. सामन्याला साधारण 0.3 रन, म्हणजे सामन्यामागे दोन, फार तर सव्वादोन कॉल. दीडशे पिचमध्ये दोन! एक-एक काउंट (एक बॉल, एक स्ट्राइक) असताना पुढचा पिच स्ट्राइक ठरला तर बॅटर भिंतीला पाठ टेकून उभा, बॉल ठरला तर पिचर. ज्याने कधी हा खेळ नीट बघितलाय त्याला हे लगेच पटेल. नंतरच्या मॉडेलांनी पिचर कोण, अंपायर कोण हेही धरलं, तेव्हा फरक आधीच्या इतका मोठा राहिला नाही, बरोबर आहे, पण तरीही होसे हा ब्रायन मॅकॅन, जोनाथन लुक्रॉय या कॅचरांबरोबर वरच्या रांगेतच राहिला.

माइक फास्टला नंतर ह्यूस्टन अॅस्ट्रोजने नोकरीवर घेतलं. उगाच घेतलं असेल का?

आणि रेजने काय केलं ते बघा. कमी पैशात टीम चालवणारे लोक, एक डॉलर वाया जाऊ देत नाहीत. त्यांनी 2012 साठी होसेला घेतला, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी, जेव्हा बाकीचे कॅचर गुडघे धरून घरी बसलेले असतात, आणि शंभरच्या आसपास सामने खेळवला. त्या वर्षी त्यांच्या पिचरांचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यात जाणारे रन, कमी तितकं चांगलं) 3.19, अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात चांगला, 1,383 स्ट्राइकआउट म्हणजे तोपर्यंतचा लीगचा रेकॉर्ड, आणि डेव्हिड प्राइसला साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं अवॉर्ड. आता हे सगळं होसेमुळे असं मी अजिबात म्हणत नाही, प्राइस हा प्राइसच होता आणि त्यांची पिचिंग आधीपासून चांगली होती. पण इतक्या हुशार माणसांनी इतके महागडे हात ज्याच्या ग्लव्हमध्ये सोपवले तो आडनावावर आलेला नव्हता एवढं तरी कळायला हरकत नाही.

गोल्ड ग्लव्हचं काय? ते अवॉर्ड तेव्हा मॅनेजर आणि कोच मतं देऊन ठरवायचे, आणि मतं जातात रोज खेळणाऱ्याला, नाव असलेल्याला. होसे जवळपास अख्खी कारकीर्द दुसरा कॅचर होता. 2008 ला पोसाडाचा खांदा गेला म्हणून नियमित खेळायला मिळालं, तर बेस चोरायला, म्हणजे पिच टाकला जात असतानाच पुढच्या बेसकडे पळायला निघालेल्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त त्याने आउट केले. कमजोरी होतीच, जमिनीवर आपटणारे चेंडू अंगावर घेऊन अडवण्यात तो फार भारी नव्हता, रेजमध्ये असताना यावर बोलणी पण खाल्ली.

राहिलं मशीन. 2026 पासून मेजर लीगमध्ये जी सिस्टिम आलीये तिच्यात प्रत्येक पिच मशीन ठरवत नाही. अंपायरच कॉल देतो, टीमकडे दोन चॅलेंज असतात, चॅलेंज बरोबर निघालं तर शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. म्हणजे बहुतेक काठावरचे पिच अजूनही माणूसच ठरवणार आणि ते कसे पकडले याला किंमत राहणार. कमी झालीये, हो. शून्य नाही. आणि चॅलेंज करायचा हक्क फक्त तिघांना, बॅटर, पिचर आणि, बघा बरं, कॅचर.

शेवटी परत आडनावाकडे, कारण मजकूर लिहिणाऱ्याने 2014 बघितलेलंच दिसत नाही. रेजने त्याला दोन वर्षांसाठी नव्याने साइन केलं होतं. पहिल्या वर्षी बॅटिंग पार झोपली, .178, वय एकोणचाळीस, पाय संपलेले. तेव्हा याडिएर सेंट लुईसमध्ये ऐन भरात होता, मोलिना या नावाला बेसबॉलमध्ये कधी नव्हती इतकी किंमत होती. रेजने कॉन्ट्रॅक्टचं एक वर्ष बाकी असताना होसेला सोडून दिलं, आणि त्यानंतर तो मेजर लीगमध्ये परत खेळला नाही. पुढे एंजल्सने बोलावलं ते कॅचरांना शिकवायला.