थर्मोस्टॅट काढला की पिकअप गाडीची ताकद वाढते?

‘थर्मोस्टॅट काढून टाका, सायलेन्सरला मोठा पाइप लावा, पिकअप सुसाट पळेल,’ असा सल्ला सध्या फिरतोय. त्यातला थर्मोस्टॅटचा भाग सरळ चुकीचा आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह; बहुतेक इंजिनांत तो साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसला उघडतो. तो काढला की इंजिन तापायला फार वेळ लागतो. पेट्रोल इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) तोवर जास्त इंधन सोडत राहतो. न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि झीज वाढते. मायलेज घटतं ते वेगळंच. गाडी खरंच तापत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप तपासा. पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट पाणी फारसं अडवत नाही. (अडकलेला असेल तर नवा बसवा, स्वस्तात सुटाल.)

मोठ्या एक्झॉस्ट पाइपचं मात्र थोडं खरं आहे. टर्बो डिझेलमध्ये टर्बोनंतरच्या पाइपातला अडथळा कमी झाला की टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) लवकर फिरतो. बिनटर्बो इंजिनात फायदा किरकोळ, तोही वरच्या आरपीएमला (इंजिन जोरात फिरताना). पाइप फाजील रुंद झाला तर वायूंचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क (ओढण्याची ताकद) जाऊ शकतो. माल भरून चढ चढताना नेमका तोच लागतो. वाढतो तो बहुधा आवाज.