फक्त हो किंवा नाही

परवाच्या पेपरात फोटो आलाय. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पडद्याकडे बघून हात हलवताहेत आणि वर मथळा आहे, 'अध्यक्षांचा पोलंडशी थेट संवाद'. उजव्या कोपऱ्यात मोबाइल धरलेलं एक मनगट दिसतं, ते माझं. घड्याळावरून ओळखायचं.

घड्याळानंच घोळ केला, पण आधी खेळ सांगतो. दोन देशांतले दोन वर्ग व्हिडिओ कॉलवर बसतात आणि समोरचे कुठले ते ओळखतात. पाळीपाळीनं एकेक प्रश्न, उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. जगभरच्या शाळांत याला 'मिस्टरी स्काइप' म्हणायचे. मे २०२५ मध्ये स्काइपच बंद पडलं, आता नुसती मिस्टरी उरलीय.

पोरांना प्रश्न विचारायला शिकवणं हा यातला खरा अभ्यास. मोकळं सोडलं तर पहिला प्रश्न येतो, "तुम्ही चीन आहात का?" उत्तर 'नाही' आलं की एक देश कमी, बाकी जग तसंच. निम्मं जग उडवतो तो प्रश्न चांगला. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. दर वेळी बरोब्बर निम्मे कापले तर आठ प्रश्नांत देश सापडायला हवा. म्हणून आधी विषुववृत्ताच्या वर की खाली, मग ग्रीनिचच्या पूर्वेला की पश्चिमेला, मग खंड, मग समुद्र लागतो का, मग शेजारी किती. आम्ही आणि ते दोघंही उत्तरेला आणि पूर्वेलाच, तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दोन्हीकडून सारखीच येणार हे मला माहीत होतं. पोरांना सांगितलं नव्हतं. पोलंड हे नावसुद्धा दोन महिने पोटात ठेवलं होतं. बायकोलाही नाही.

कामं वाटलेली. चौघं प्रश्नवाले, चौघं नकाशावाले (उत्तर आलं की बाद झालेल्या देशांवर पेन्सिलीनं फुली), दोघं लिहिणारे, एकटी उत्तरवाली. पोरं खिडकीकडे पाठ करून बसवली तर पडद्यावर नुसत्या काळ्या सावल्या दिसतात, म्हणून तोंडं खिडकीकडे. खोलीत एकाच यंत्राचा माइक चालू ठेवायचा, दुसरा चालू राहिला की शिट्टी घुमते. प्रश्न विचारला की मनात तीन आकडे मोजायचे, कारण आवाज पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आमची पोरं तोच प्रश्न दुप्पट मोठ्यानं ओरडतात. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा उतरवला, गळ्यातली ओळखपत्रं काढून ठेवली. कॉलवर माझ्या नावापुढे शाळेचं नाव येत होतं, तेही पुसलं. कॅमेऱ्याला गावाचं नाव दिसेल असं एकही अक्षर खोलीत ठेवलं नव्हतं.

आता घड्याळ. त्यांचे सकाळचे साडेआठ म्हणजे आमचे दुपारचे बारा, असं सप्टेंबरात ठरलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोप घड्याळं एक तास मागं घेतो आणि आमचा कॉल नेमका त्यानंतरच्या सोमवारी. त्यांचे साडेआठ साडेआठलाच वाजले, आमच्याकडे तेव्हा एक वाजला होता. मोबाइलच्या कॅलेंडरमधून आमंत्रण पाठवलं असतं तर त्यानं आपोआप जुळवून घेतलं असतं. निदान ई-मेलमध्ये दोन्हीकडच्या वेळेशेजारी यूटीसी, म्हणजे जगभर एकच असते ती प्रमाण वेळ, लिहायची. मी फळ्यावर खडूनं '१२' लिहिलं आणि त्याला चौकट केली.

म्हणजे एक तास रिकामा. अठ्ठावीस पोरं, निळा पडदा, शेजारच्या खोलीतून खिचडीच्या फोडणीचा वास. आणि अध्यक्ष.

अध्यक्ष फ्लेक्स घेऊन आले होते. आठ बाय चार. गाव, तालुका, जिल्हा कोल्हापूर, पिनकोड आणि डाव्या बाजूला स्वतः.

"ह्यो पोरांच्या मागं लावा."

"अध्यक्ष, हा लावला तर खेळच संपला. आपण कुठले ते त्यांनी ओळखायचंय."

"म्हंजे पाव्हणा इचारणार, तुमी कुठलं? आन आपण सांगायचं न्हाई?"

"नाही."

"मग त्येला बोलिवलाय कशाला?"

मी समजावलं. प्रश्न, हो, नाही, फुली. ते लक्ष देऊन ऐकत होते, ही त्यांची वाईट खोड आहे.

"आन पाव्हण्यानं चुकीचं सांगितलं तर?"

"तर आपण जिंकलो."

"पाव्हणा चुकला म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या? ह्ये काय बरं दिसतंय व्हय, गुरुजी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. शेवटी फ्लेक्सची घडी घालून फक्त 'हार्दिक स्वागत' आणि अध्यक्षांचा फोटो एवढाच भाग लावायचा, यावर तडजोड झाली. मग ते खुर्ची ओढून बसले. "त्या परितेवाडीच्या डिसले गुरुजीस्नी सात कोटी मिळालं. तुमचं किती बसतंय?" मी म्हटलं, तो २०२० सालचा ग्लोबल टीचर प्राइज, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. अध्यक्ष बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "तुमी वाटू नगासा."

एकला पडदा उजळला. पलीकडे वीसेक गोरी पोरं, बाई, मागं कोरी भिंत. त्यांनीही नकाशा उतरवला होता, खिळा दिसत होता. दोन्हीकडून इंग्रजीतच बोलायचं ठरलेलं. पण पहिल्या रांगेतलं एक पोरगं सवयीनं बोलून गेलं, "जेन दोब्री!"

अध्यक्ष खुर्चीतून उठले.

"आरं! ह्ये तर आमच्या म्हशीचं हाय!"

मी म्हटलं, अध्यक्ष, बसा.

"न्हाई ओ, आजा धारंला बसताना म्हशीला ह्येच म्हणायचा! जेन दोब्री म्हटल्याबिगर पान्हाच सोडत न्हवती! आजा वळिवड्याच्या क्याम्पात दूध घालायचा, तितनं आनलेलं त्येनं. गुरुजी, ही पोलंडची हैत!"

खरं होतं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियानं सैबेरियाकडे हाकललेली माणसं, बहुतेक बाया आणि पोरं. आज तिथं गांधीनगर आहे, लोक कापड घ्यायला जातात. म्हशीला मात्र 'शुभ दिवस' म्हटलं जात होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी माइक बंद करायला धावलो, तोवर ते कॅमेऱ्यासमोर पोचले होते. "जेन दोब्री! वळिवडं! कोल्हापूर!" पलीकडच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांना वळिवडे ठाऊक होतं. दोन महिन्यांचं गुपित दोन्ही बाजूंनी चाळीस सेकंदांत फुटलं. नकाशावाल्या चौघांनी एकही फुली मारली नव्हती. उत्तरवाली पोरगी रडायला लागली. तिनं 'येस' आणि 'नो' आठवडाभर आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

पुढची चाळीस मिनिटं संवाद छान झाला म्हणे. सगळे तसंच म्हणतात.

मला मात्र संध्याकाळी लिंक आली. उपक्रमाची माहिती भरा, अक्षांश-रेखांश उमटलेले पाच फोटो जोडा, प्रत्येक दोन एमबीच्या आत. लाभार्थी मुले किती, मुली किती. अध्ययन निष्पत्ती कोणती साध्य झाली? तिथं मी काय लिहू, म्हैस? आता असल्या उपक्रमांची स्पर्धाही निघालीय. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला ई-प्रमाणपत्र, परीक्षण फोटोंवर. पोरांनी प्रश्न कसा कापला हे फोटोत येत नाही. फ्लेक्स येतो. पुढच्या खेपेला तो उलगडून लावा, असं वरून कळवलंय.

काल पोलंडच्या बाईंची ई-मेल आली. मुलांना म्हैस बघायची आहे, पुढच्या सोमवारी साडेआठला जमेल का? अध्यक्षांना निरोप दिला तर ते लगेच तयार.

"आणतो की. कितीला आणू?"

"साडेसात," मी म्हटलं. यूटीसी म्हणायचं राहून गेलं.