हिरवा त्रिकोण म्हणजे बिनविषारी? कोणी सांगितलं?

आंब्याला मोहोर फुटायला लागला की रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. म्हणणं असं: फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. हिरवा बिनविषारी, पिवळा सौम्य, लाल तेवढं विष. खूण अडाण्यालाही कळते, लेबल वाचत बसायला नको.

आधी हिरव्याचं बघू, मोठा घोळ तिथंच आहे. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा. त्या सवयीनं इथंही डोळा फसतो. कीटकनाशके नियम, १९७१ प्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे चारही विषारीपणाचेच दर्जे आहेत. हिरवा सगळ्यांत खालचा, एवढंच. शिवाय हा रंग ठरतो तो औषध एकदम पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती मात्रेत जीव जातो यावरून. वर्षानुवर्षं थोडंथोडं अंगात गेलं तर काय, हे तो सांगतच नाही. करपा रोगावर आपण मारतो ते मॅन्कोझेब हे बुरशीनाशक हिरव्या त्रिकोणातलं. त्याचीच मान्यता युरोपीय संघानं २०२० मध्ये पुढे चालू ठेवली नाही, प्रजननाला आणि संप्रेरकांना घातक म्हणून. आता बोला!

पिवळा सौम्य? सिग्नलचा हिशेब इथं चालत नाही. लालच्या खालोखाल जहाल तोच. कवटी फक्त लालवर असते, म्हणून माणूस गाफील राहतो. ‘विष’ हा शब्द मात्र पिवळ्यावरही लाल अक्षरांत असतो. निळ्याबद्दल मेसेज गप्पच आहे.

खूण अडाण्यालाही कळते म्हणे. उंच कलमावर गन वर धरली की अर्धा फवारा तोंडावर परत येतो, नाकावरचा पंचा ओला होतो. खाली उभा असतो तो बरेचदा नेपाळी गडी. त्याला रंगाचा अर्थ मालक सांगणार, आणि मालकाला हा मेसेज!

राहिलं लेबल. क्लोरपायरीफॉस आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही कीटकनाशकं, दोन्ही पिवळीच. पहिल्याच्या विषबाधेवर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात, दुसऱ्याला असा नेमका उतारा नाही. दवाखान्यात नुसतं ‘पिवळा त्रिकोण’ सांगून काय होणार? डबाच न्यायचा. उरलेलं औषध सोड्याच्या बाटलीत ओतून ठेवलं असेल तर तीही सोय गेली. शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, तेही डब्यासोबतच्या घडीच्या कागदावर असतं. अक्षर बारीक आहे, कबूल. मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचा.