बैलाचं शिंग आणि जामठ्याचं तिकीट

तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोट्ट्यांच्या लाकडी बैलांच्या सणाचं प्रकरण आता अख्ख्या लक्ष्मीनगरला पाठ झालंय, त्यामुळे लांबण लावत नाही: विन्याच्या पोरीनं आपल्या बैलाला हात लावू दिला नाही, बैलाचं शिंग मोडलं आणि पक्याचा पोट्टा तिला चावला. रविवारी पक्या कट्ट्याच्या या टोकाला, विन्या त्या टोकाला आणि मधे आम्ही, हातात तर्री पोह्याच्या प्लेटा. दोघं तिसरीपासूनचे दोस्त. बायकांचं बोलणं बंद होऊन आठवडा झाला होता.

"माझ्या पोट्ट्याला रागावणारा तू कोण बे?" पक्या विन्याकडे न पाहता पोह्यांनाच विचारत होता. "मी मेलो होतो का?"

"मेला नव्हता. मोबाइल पाहून राहिला होता."

"अन् माझा पोट्टा चावत नाही. त्याचा तसा स्वभावच नाही."

"मग माझ्या पोरीच्या दंडावर दात कोणाचे उमटले? मिरवणुकीतल्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याचे?"

इथे गुगलनं घसा साफ केला. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. "कसं आहे, कॅनडातल्या रिचर्ड ट्रेम्ब्लेंचं संशोधन सांगतं की माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त मारामारी दोन ते चार वर्षांचा असताना करतो. पुढे ती उतरत जाते. म्हणजे चावणं हा एक विकासात्मक..."

"हे शोधायला कॅनडात जावं लागलं?" शीलाताई म्हणाली. "आमच्या मदतनीसबाईनं चहाच्या कपावर सांगितलं असतं."

शीलाताई म्हणजे बाल्याची मोठी बहीण. बावीस वर्षं अंगणवाडीत, तीन ते सहा वयाची तीस-तीस पोट्टी रोज एका खोलीत. ती कट्ट्यावर बसत नाही, पोहे बांधून घ्यायला येते आणि उभ्याउभ्या आमची उतरवून जाते. त्या दिवशी तर्री उकळायची होती म्हणून थांबली, हे आमचं नशीब.

बाल्याचं मत नेहमीचंच. "दोघांच्याही कानाखाली एकेक ठेवून द्यायची. आम्हाले नाही पडल्या का?"

"पडल्या ना," ताई म्हणाली. "म्हणून तर असा निघाला."

मग ती विन्याकडे वळली. "तुम्ही काय केलं रे त्या दिवशी?"

"सॉरी म्हणायला लावलं. आधी त्याला, मग हिला."

"पाच वर्षांच्या पोट्ट्याचं सॉरी म्हणजे पोपटाचा राम राम. तुझी पोरगी तवा काय करून राहिली होती?"

विन्या गप्प. पोरगी कोपऱ्यात दंड धरून रडत होती, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. चौघं मोठे चावणाऱ्याभोवती गोळा झाले होते आणि जिला चावा बसला ती एकटी.

"पहिले जिले लागलं तिच्याकडे जायचं," ताई म्हणाली. "मारणारा थांबते दोन मिनिटं, कुठं पळून नाही जात. अन् पोट्टे भिडले की वरून ओरडायचं नाही. खाली त्यांच्या मधात बसायचं, दोघांची मनगटं धरायची, गप राहायचं. श्वास खाली आला की मग विचारायचं, काय पाह्यजे होतं तुले?"

"पण दुसऱ्याच्या पोराला काही बोलायचं की नाही?" हा पक्याचा खरा प्रश्न होता.

"हात धरायचा. तवा कोणाचा पोट्टा हे पाहत बसायचं नाही. पण रागावायचं त्याच्या मायबापानं. अन् मायबापानं मोबाइल खाली ठेवायचा."

पक्यानं मोबाइल खिशात घातला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं.

"पण ताई, बैल तर वाटून खेळायला पाहिजे ना?" पक्या अजून लढत होता. "त्या पोरीनं हात लावू दिला असता तर काही झालंच नसतं. शेअरिंग शिकवायला नको?"

"तान्ह्या पोळ्याचा सजवलेला बैल तो. अजून बोजाऱ्याचे पैसे मागायला दोन घरं फिरला नव्हता, अन् द्यायचा? तू दे ना तुझी बुलेट विन्याला. रोज. हसत हसत."

"यानं?" विन्या उसळला. "याला तिकीट दिलं होतं मी. जामठ्याच्या स्टेडियमचं. 2011."

झालं. सगळ्यांनी प्लेटा खाली ठेवल्या. हे प्रकरण दर तीन-चार महिन्यांनी निघतं. वर्ल्ड कप, भारत-दक्षिण आफ्रिका, विन्यानं रात्रभर लायनीत उभं राहून काढलेली दोन तिकिटं, आणि ऐन दिवशी त्याला ताप. पक्या दोन्ही घेऊन गेला, होणाऱ्या मेव्हण्याला सोबत नेलं, आणि पैसे आजतागायत दिले नाहीत.

"सचिनचे 111 मी गोधडीत पाहिले!"

"अन् 267 ला एकवरून 296 ला सगळे आउट, ते कोणी उन्हात बसून पाहिलं?" पक्या ओरडला. "नेहराची शेवटची ओव्हर कोणी पाहिली? मी भोगलं बे ते!"

"तरी पैसे दे."

"देतो ना! किती होते?"

"ते तुला माहीत नाही म्हणजे..."

दोघं उभे राहिले. गुगलला काहीतरी आकडेवारी आठवली, पण बाल्यानं त्याच्या तोंडात शेव कोंबली. तेवढ्यात शीलाताईनं बांधलेले पोहे माझ्या हातात दिले, साडी सावरली आणि कट्ट्यावर बरोबर मधोमध जाऊन बसली. दोघांना ओढून शेजारी बसवलं. डाव्या हातात पक्याचं मनगट, उजव्या हातात विन्याचं. बोलली काहीच नाही.

बाल्या हसून हसून खाली बसला. विन्या आधी ओशाळला, मग त्यालाही फुटलं. पक्या शेवटपर्यंत तोंड वाकडं ठेवायचा प्रयत्न करत होता, पण मिशीला तर्री लागलेली असताना ते जमत नाही.

"काय पाह्यजे होतं तुले?" ताईनं विन्याला विचारलं.

"तिकिटाचे पैसे."

"अन् तुले?"

"आणखी एक प्लेट," पक्या म्हणाला. "तर्री जास्त."

पोहेवाल्यानं झारा कढईवर आपटला. "भाऊ, ते सगळं ठीक आहे, पण आजचा बोजारा कोण देऊन राहिलं?"

विन्या आणि पक्यानं एकाच वेळी बाल्याकडे बोट केलं.