करंजाच्या पानाला देवी

कॉलनीतल्या करंजाची पानं फोडांनी भरली. काकू म्हणाल्या झाडाला देवी आली, तोडून टाका. म्हणून मी एक पान घेऊन परभणीतल्या एका कृषी सेवा केंद्रात भिंग विचारायला गेलो, बस, एवढंच.

तिथं बाकावर बसलेल्या मामांनी पान माझ्या हातातून ओढूनच घेतलं. उलटंपालटं केलं, वास घेतला. "कीड हाय."

"कीड नाही मामा, कोळी आहे. गाठी करणारा."

"कोळी? जाळं कुठंय मग?"

"जाळं नाही करत हा."

"पाय किती?"

आता खरं सांगायला पाहिजे ना, हा घरातला जाळ्याचा कोळी नव्हे, माइट म्हणतात तो बारीक जीव, आणि या जातीला चारच पाय असतात, तेही डोक्याकडं, बाकी अंग अळीसारखं. म्हटलं, चार. मामा सगळ्या दुकानाकडं वळले, "आठ पायाचा कोळी ऐकला होता, चार पायाची तर म्हैस असती की!" दुकान हसलं. मला राग आला पण म्हैस बरोबर बसली होती.

मग नखानं फोड उकरून म्हणाले, दाखवा. म्हटलं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो, नुसत्या डोळ्यानं दिसत नाही. "दिसत न्हाई, जाळं न्हाई, आन चार पाय. साहेब, कुठं असता?" बँकेत, म्हटलं. "मग बरोबर." काय बरोबर, देव जाणे. वर म्हणे, जन्मभर करंजाच्या काडीनं दात घासतो, मला कुठं आल्या गाठी?

तोवर दुकानदारानं पानाकडं न बघताच बाटली पुढं ठेवली, हे मारा, सगळं साफ. अहो, कोळी म्हणजे किडा नाही, किड्याचं औषध त्याला लागेलच असं नाही, त्यात तो गाठीच्या आत बसलेला, आणि गाठींनी करंज काही मरत नाही. पण 'काहीच मारू नका' बाटलीत भरून विकता येत नाही ना.

मामा आलेले तुरीच्या बियाण्याला. मागत होते बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीएसएमआर ७३६ ही जात. का? "तिला वांझ येत न्हाई." म्हटलं, मामा, तो वांझ रोगाचा, म्हणजे तुरीला शेंगाच धरू देत नाही त्या रोगाचा, विषाणू तुरीवर नेतो कोण? ह्याच कोळ्याचा भाऊबंद! दिसत नाही तोच!

"ते येगळं," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले. पान पण घेऊन गेले.

भिंग शेवटी स्टेशनरीच्या दुकानात मिळालं, प्लास्टिकचं. दहापट तरी मोठं दाखवणारं लागतं, यातून माझ्या अंगठ्याच्या रेषा तेवढ्या झकास दिसतात.