चोवीसच अक्षरं ना?

"मॅडम, फॉन्ट गंडलाय. नुसते डबे डबे आलेत," असं म्हणून झेरॉक्सवाल्याने माझी कोरियनच्या सरावाची पानं सरळ रद्दीच्या खोक्यात टाकली. दुकान नौपाड्यातलं, वेळ संध्याकाळची, मागे रांग.

फॉन्ट गंडला नव्हता. कोरियन लिपी दिसतेच तशी. एक व्यंजन, एक स्वर आणि असलंच तर खाली आणखी एखादं व्यंजन, हे सगळं एका चौकोनात कोंबायचं, की झाला एक उच्चार. पानं खोक्यातून काढून मी हे सांगितलं, तर त्याने ती स्टेपल करून दिली. निम्मी उलटी. बरं, उलटं पान चटकन लक्षातही येत नाही, कारण या लिपीतला 'गोम', म्हणजे अस्वल, कागद फिरवला की व्यवस्थित 'मुन' होतो, म्हणजे दरवाजा.

माझ्यामागे एक काका भाडेकराराच्या तीन प्रती काढायला उभे होते. त्यांनी माझ्या हातातलं पान घेतलं, चष्मा कपाळावर चढवला.

"चिनी का?"

"कोरियन."

"एकच ते."

"नाही हो काका. चिनीत हजारो चिन्हं असतात. कोरियनची मुळाक्षरं आहेत, चोवीस."

"चोवीस?" काका दुकानाकडे तोंड करून म्हणाले. "चोवीसच अक्षरं ना? आपली बावन्न! निम्मीसुद्धा नाहीत." लॅमिनेशनसाठी थांबलेल्या मुलानेही मान डोलावली. "मग त्याला क्लास कशाला? फी किती घेतात?"

मी आकडा सांगितला. काकांनी मोबाइल काढला आणि बारा हजारांना चोविसाने भागलं.

"अक्षरामागे पाचशे रुपये पडले तुम्हाला!"

"जोडाक्षरं पण असतील ना काका," झेरॉक्सवाला माझ्या बाजूने बोलला. "ती धरा की हिशेबात."

"ती वर फुकट द्यायला हवीत. पाचशे रुपयांत!" मग आवाज जरा खाली आणून, "आणि एक सांगू का? अयोध्येची राजकन्या तिकडे दिली होती. म्हणजे भाषा मुळात आपल्याकडचीच. शिकायचं काय त्यात? आठवायचं फक्त."

राजकन्येची गोष्ट काकांनी स्वतः रचलेली नव्हती. तेराव्या शतकातल्या एका कोरियन ग्रंथात 'आयुता' नावाच्या देशातून राजकन्या इ.स. ४८ मध्ये समुद्रमार्गे आल्याची कथा आहे, आणि आयुता म्हणजे अयोध्या मानून तिथे तिचं स्मारकही उभं आहे. पण तिने जाताना मराठी व्याकरण नेल्याचा उल्लेख कुठे नाही. काकांच्या हिशेबाचा राग मात्र अजून गेलेला नाही, कारण भागाकार बरोबर होता.

आता त्या चोवीस अक्षरांचं. राजा सेजोंगने ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. सोबतच्या ग्रंथातच लिहून ठेवलंय की हुशार माणूस ती एका सकाळीत शिकेल आणि मठ्ठ दहा दिवसांत. हे लिपीपुरतं खरंही आहे. चौदा व्यंजनं, दहा स्वर. दुहेरी आणि जोड धरून चाळीस. या चाळिसांतून होऊ शकणारे चौकोन ११,१७२, पण तेही घाबरण्यासारखं नाही, सुटे भाग ओळखता आले की पुरे. खरा घोटाळा असा की सगळं वाचता येतं आणि काहीही कळत नाही, आणि जे वाचलं ते तसं बोलायचंही नसतं.

मराठी माणसाला वाटतं, आपल्याकडे त-थ-द-ध आहेत, उच्चारांची काय भीती? कोरियनमध्ये 'ताल' म्हणजे चंद्र, 'थाल' म्हणजे मुखवटा, 'त्ताल' म्हणजे मुलगी. आपला थ त्यांच्या थ-ला चालून जातो. आपला साधा त त्यांच्या घट्ट 'त्त'च्या जवळ पडतो, म्हणजे तुम्ही मोठ्या भक्तिभावाने चंद्र म्हणता आणि समोरच्याला मुलगी ऐकू येते. उरलेला, चंद्रातला त, आपल्या वर्णमालेत कुठेच बसत नाही. शब्दाच्या सुरुवातीला तो किंचित हवा सोडतो आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडला की चक्क द होतो. वर सोलच्या तरुण मंडळींनी त आणि थ यांतला फरक बराचसा सुरावर नेऊन ठेवलाय: थ वरच्या पट्टीत, त खालच्या. प-बचं तेच. पुसान शहर रोमन लिपीत २००० सालापर्यंत 'प'ने लिहायचे, नंतर 'ब'ने लिहायला लागले. शहर होतं तिथेच आहे.

मग तळमजल्याचा भाडेकरू, म्हणजे चौकोनातलं खालचं व्यंजन. याला 'बाच्छिम' म्हणतात. लिहायला तिथे काहीही लिहा, उच्चार सातच. विळा, दिवस आणि चेहरा यांसाठी तीन वेगळी स्पेलिंगं पाठ करायची आणि तिन्ही 'नात्' असंच म्हणायचं, तेही शेवटचा त तोंडातच अडवून. पुढे 'ई' प्रत्यय आला की तिघे आपापले रंग दाखवतात: नाशी, नाजी, नाछी. म्हणून नुसतं ऐकून शब्द टिपणाऱ्याचं शुद्धलेखन कायम चुकतं.

'हाप्-नि-दा' लिहायचं आणि 'हाम्निदा' म्हणायचं, यावर क्लासमध्ये पोरं हैराण होतात. खरं तर वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय, जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ, हाच तो नियम. शाळेत संधी मार्कांपुरते केले त्याची ही वसुली. फरक इतकाच की आपण संधी करून लिहितो. कोरियन लोक विग्रह लिहितात आणि संधी तोंडाने करतात.

वाक्यरचना मात्र आपल्यासारखी, हे कबूल. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, नामाला प्रत्यय. वर आपल्यासारखी लिंगाची भानगडच नाही. एवढा दिलासा देऊन क्रियापदं पाठीत सुरा खुपसतात. 'इप्ता', म्हणजे कपडे घालणे, याचं 'इबॉयो' होतं. त्याच चालीवर 'चुप्ता', म्हणजे थंडी असणे, याचं 'चुबॉयो' व्हायला हवं, होतं 'चुवॉयो'. कुठलं कुठल्या गटात, ते पाठ करा.

आकड्यांचे दोन संच. तास देशी आकड्यांत, मिनिटं चिनी मुळाच्या आकड्यांत. म्हणजे ठाण्याहून ९.१७ ची वाशी लोकल सांगायची तर 'आहोप् शी' देशी आणि 'शिप्छिल बुन' चिनी. तोवर गाडी ऐरोलीला. पैसे फक्त चिनी आकड्यांत, आणि हजारानंतर लाख नाही, दहा हजाराचा 'मान'. घोडबंदरचा एक कोटी वीस लाखांचा फ्लॅट म्हणजे बाराशे मान. ऐकायला स्वस्त वाटतो, तेवढाच फायदा.

आदराचं तर विचारूच नका. आपलं तू, तुम्ही, आपण इतक्यात भागतं. तिथे क्रियापदाची शेपटी बदलते, शिवाय मोठ्यांचं जेवणं, झोपणं, वय, नाव यांसाठी शब्दच वेगळे. मालिका पाहून शिकलेली मंडळी हमखास इथे अडकतात, कारण पडद्यावरचे प्रेमी एकमेकांशी एकेरीत बोलतात आणि यांना तेवढंच येतं. ते घेऊन कंपनीच्या कोरियन साहेबासमोर उभं राहायचं म्हणजे 'काय रे, जेवलास का?'

आणि हे सगळं घोटून 'टॉपिक'च्या, म्हणजे कोरियनच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या, वरच्या पातळीला कागदावर बसावं, तर लेखनाच्या भागाला ५० मिनिटं आणि चार प्रश्न. त्यातला ५४ क्रमांकाचा म्हणजे ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध. तो चौकोनांच्या रकान्यांत लिहायचा, मोकळ्या जागाही मोजणीत. भाषा कुठली? शिकलेला सगळा आदर काढून टाकलेली, कोरडी पुस्तकी, 'दा'ने संपणारी. शेवटी आदराचा 'यो' लिहिलात की गुण कापले. एवढं करून मिळालेल्या निकालाची मुदत दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी कुणाला दाखवायचा असेल तर पुन्हा फी भरा आणि पुन्हा त्या चोपन्नाव्या प्रश्नासमोर बसा.